मोडलेल्या मेळ्याची भरपाई

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्यालगत वसलेल्या घाटघर गावाजवळ नाणेघाटाचे तोंड आहे. तेथे एक भला मोठा दगडी रांजण आजही उभा आहे. कोकणातून जुन्नरकडे माल आणणारे व्यापारी जकातीची नाणी या रांजणात टाकीत, असे परंपरा सांगते. रांजणाविषयीचा तपशील इतिहास-संशोधकांवर सोपविला, तरी त्या व्यवहाराचे स्वरूप उघड आहे. पैसे आधी द्यावयाचे आणि वाट मागाहून चालावयाची. मग माल वाटेत लुटला गेला तर? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे. सीमेवरील अंतपाल मालाच्या गाडीमागे सव्वा पण वर्तनी, म्हणजे वाटेचा कर घेईल. परंतु वाटेत जे हरवेल वा चोरीला जाईल ते त्याने भरून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. घेतलेला सव्वा पण परत करून अंतपालाची सुटका होत नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हा जुना दंडक आठवण्याचे कारण अगदी आजचे आहे. संगणकावर आणि मोबाइलवर खेळावयाच्या खेळांचे मेळे आता आपल्याकडेही भरू लागले आहेत. मुंबईत गोरेगावच्या नेस्को संकुलात २०१८ च्या डिसेंबरात ‘ड्रीमहॅक’ हा मेळा झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘ईएसएल वन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. वाटो बापडा! परंतु जेथे हजारो लोक आगाऊ पैसे भरून तिकिटे घेतात तेथे खेळ कोणता हा प्रश्न गौण ठरतो, आणि मेळा फसला तर तिकीट घेतलेल्यांना काय द्यावयाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राचा व न्यायाचा होतो.

अशा फसलेल्या मेळ्याचे बोलके उदाहरण शिकागोचे आहे. ‘पोकेमॉन गो’ या मोबाइलवरील खेळाच्या कंपनीने २२ जुलै २०१७ रोजी तेथील ग्रँट पार्कमध्ये मोठा उत्सव योजिला. तिकीट २० डॉलरचे होते. ती तिकिटे हातोहात खपली आणि सुमारे २० हजार लोक जमले. कित्येक जण विमानाने दुरून आले होते. प्रत्यक्षात मोबाइलच्या जाळ्यावर एवढा भार पडला की बहुसंख्य लोकांना खेळात प्रवेशच मिळेना. कंपनीचे प्रमुख जॉन हॅंके व्यासपीठावर आले तेव्हा जमावाने त्यांची हुर्यो उडविली. कंपनीने त्याच दिवशी भरपाई जाहीर केली. तिकिटाचे पैसे परत मिळतील. खेळात वापरावयाची १०० डॉलर किमतीची नाणी प्रत्येकाला मिळतील. शिवाय ‘लुगिया’ नावाचा दुर्मिळ प्राणी प्रत्येकाच्या खाती जमा होईल.

वरवर पाहता ही उदारताच होय. वीस डॉलरच्या तिकिटावर एकशेवीस डॉलरचे देणे! तरीही थोड्याच दिवसांत सामूहिक दावा दाखल झाला आणि २०१८ मध्ये कंपनीने १५ लाख ७५ हजार डॉलर देऊन तो मिटविला. हे पैसे होते प्रवासाचे आणि मुक्कामाचे. तिकिटाचा परतावा दावेदारांना आधीच देऊ केलेला होता. त्यांचे म्हणणे एवढेच, की तिकीट हा आमच्या खर्चाचा सर्वांत लहान भाग होता.

हे म्हणणे घाटघरच्या अंगणात आणून पाहावे. येथील एखाद्या तरुणाने मुंबईच्या मेळ्याचे ५०० रुपयांचे तिकीट काढले असे समजू. घाटघरहून जुन्नर सुमारे तीस किलोमीटर. तेथून माळशेज घाट उतरून कल्याण, आणि मग लोकल. जाण्यायेण्याचा, जेवणाखाणाचा व एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च दीड हजार धरला, आणि दोन दिवसांची बुडालेली मजुरी हजार रुपये धरली, तर त्याची एकूण गुंतवणूक तीन हजारांची झाली. मेळा मोडला आणि संयोजकाने ‘तिकिटाचे पूर्ण पैसे परत’ अशी घोषणा केली, तर या तरुणाला त्याच्या नुकसानीचा सहावा हिस्सा मिळाला. वरळीत राहणाऱ्या प्रेक्षकाचे नुकसान मात्र जवळजवळ सगळे भरून निघाले. जो जितका दुरून आला, तो त्या ‘पूर्ण’ परताव्यात तितका अधिक बुडाला. ‘संपूर्ण परतावा’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे. त्यातही तिकीट विकणाऱ्या संस्था ‘सुविधा शुल्क’ म्हणून जी रक्कम वर घेतात ती परत न देण्याचा रिवाज आहे. जणू न झालेल्या कार्यक्रमाचे तिकीट विकत घेण्याची सुविधा हीसुद्धा मोलाची वस्तू आहे!

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या ७३ व्या कलमानुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे, किंवा करार करताना उभय पक्षांना ठाऊक असलेले नुकसान भरून द्यावे लागते. दूरान्वयाने होणारे नुकसान मात्र त्यात येत नाही. ज्या संयोजकाने सबंध राज्यभर जाहिरात केली, त्याला लोक प्रवास करून येणार हे ठाऊक नव्हते असे म्हणता येईल काय? रेल्वेचे वा एसटीचे भाडे हे दूरान्वयाचे नुकसान नव्हे.

दुसरा मुद्दा भरपाईच्या चलनाचा. शिकागोच्या कंपनीने दिलेली शंभर डॉलरची नाणी तिच्याच खेळात चालणारी होती. ती पाडण्यास कंपनीला जवळपास काहीच खर्च येत नव्हता. जो ग्राहक रागावून खेळ सोडू पाहत होता त्याला ती कवडीमोल होती. याच शिकागोजवळ २०१४ च्या जुलैत ‘डॅशकॉन’ नावाचा चाहत्यांचा मेळा भरला होता. मानधन न मिळाल्याने निमंत्रित कलाकारांनी कार्यक्रम केला नाही, तेव्हा राखीव आसनांचे पैसे भरलेल्यांना भरपाई म्हणून प्लास्टिकच्या चेंडूंनी भरलेल्या हौदात एक तास अधिक खेळण्याची मुभा देऊ करण्यात आली. जगभर त्याचे हसे झाले. परंतु पुढच्या वर्षीच्या तिकिटाचे कूपन देणारा प्रतिष्ठित संयोजक तरी यापेक्षा निराळे काय करतो? कूपन म्हणजे ग्राहकाकडून त्याच्या संमतीवाचून घेतलेले बिनव्याजी कर्ज होय.

ते बिनव्याजी असू नये, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. टाळेबंदीत रद्द झालेल्या विमानप्रवासाबाबत १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला. अडचणीतील कंपन्यांना पैशाऐवजी जमा-पत्र देण्याची मुभा मिळाली. पण त्या पत्राची किंमत ३० जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा पाऊण टक्का या दराने वाढवावी, आणि तोवर ते वापरले गेले नाही तर रोख पैसे परत करावेत, अशी अट घातली गेली. योगायोग असा, की दरमहा शेकडा पाऊण हा दर या भूमीला फार जुन्या काळापासून परिचित आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण शेकडा एक दराने, आणि दुसरीकडे एक हजार कार्षापण शेकडा पाऊण दराने ठेवल्याची नोंद आहे.

ग्राहकाच्या बाजूने कायदा आज पूर्वीइतका दुबळा नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा ‘ग्राहकाचा हक्क’ ही भाषाच नवखी होती. १९८६ चा कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून २०१९ चा कायदा अमलात आला. सदोष सेवेचे पैसे पावतीत ठरलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत न करणे ही आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे घाटघरच्या तरुणाला मुंबई गाठण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तथापि तीन हजारांच्या नुकसानीसाठी पुण्याच्या तारखा कोण पुऱ्या करणार? व्यक्तीचे नुकसान थोडे आणि संयोजकाचा लाभ मोठा, अशा व्यवहारात कायद्याचे दार उघडे असूनही आत कोणी जात नाही. अनेकांच्या वतीने एकाने तक्रार करण्याची तरतूद आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे अधिकार याचसाठी आहेत. त्यांचा वापर अशा प्रसंगी सढळपणे व्हावयास हवा.

फौजदारी कारवाईने हा प्रश्न सुटत नाही. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर १३ डिसेंबर २०२५ रोजी मेस्सी थोडाच वेळ थांबून निघून गेला. संतप्त प्रेक्षकांनी मोडतोड केली, संयोजकाला अटक झाली आणि पैसे परत करण्याचे आश्वासन जाहीर झाले. हाँगकाँगमध्ये २०२४ च्या फेब्रुवारीत तोच मेस्सी मैदानात उतरलाच नाही, तेव्हा संयोजकांनी निम्मे पैसे परत करण्याची तयारी दर्शविली. निम्मेच का, याला हिशेबाचा काही आधार असल्याचे दिसत नाही.

खरी मेख आहे ती कार्यक्रमापूर्वी पैसा कोणाच्या हाती असतो यात. तिकिटांचा पैसा संयोजकाच्या हाती आधी पडतो, सभागृहाच्या भाड्यात व कलाकारांच्या मानधनात खर्च होतो, आणि मेळा मोडतो तेव्हा परत देण्यास तिजोरीत काही उरत नाही. तेव्हा पैसा तिऱ्हाइताकडे ठेवावा, हाच मार्ग दिसतो. जुन्नरला ही कल्पना परकी नाही. येथील लेण्यांतील लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मादायाची रक्कम गुंतविल्याचे उल्लेख आहेत. दान देणारा एक, उपभोगणारा दुसरा आणि पैसा सांभाळणारा तिसरा. आधुनिक काळात २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने घर घेणाऱ्यांच्या पैशापैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन बिल्डरांवर घातले. मेळ्यांनाही असेच बंधन का नसावे?

आगाऊ पैशावाचून मेळा भरविणेच अशक्य होईल, असा आक्षेप यावर येईल. त्यात तथ्य आहे. परंतु ज्याच्याजवळ खेळते भांडवल नाही त्याने बँकेकडून कर्ज घ्यावे, हमी द्यावी किंवा विमा उतरवावा. तिकीट त्यामुळे थोडे महागेल. तो जोखमीचा खरा मोबदला होय. आज ही जोखीम प्रेक्षक फुकट वाहतो, आणि तीही आपण ती वाहत आहोत हे ठाऊक नसताना. सार्वजनिक करमणुकीच्या कार्यक्रमांना पोलिसांचा परवाना लागतोच. त्या अर्जासोबत स्वतंत्र खात्याचा वा बँकहमीचा दाखला जोडण्याची अट घालणे शासनाला कठीण नाही.

यापुढे मात्र तारतम्य बाळगावे लागेल, आणि ते शिकविण्यास पुन्हा घाटघरच उपयोगी पडते. नाणेघाट आणि जीवधन पाहण्यास येणाऱ्यांची जेवणाची व मुक्कामाची सोय करणारी घरे या परिसरात आहेत. जुन्नरला २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा मिळाला, तेव्हापासून या धंद्याकडून अपेक्षाही वाढल्या आहेत. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावरील दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धबधबे, धरणे आदी ठिकाणी मनाई आदेश काढले. अशा आदेशामुळे पाहुणा येऊ शकला नाही, तर त्यात यजमानाचा दोष नसतो. करार कायद्याच्या ६५ व्या कलमाप्रमाणे निष्फळ झालेल्या कराराखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो. इसार परत द्यावा हे ओघानेच आले. पण पाहुण्याच्या प्रवासखर्चाची मागणी या घरांकडे करणे अन्यायाचे होईल. त्यांनी तांदूळ, भाजी आणि सरपण आधीच भरलेले असते. तो तोटा त्यांच्याच पदरी पडतो. मुंबईचा संयोजक आणि घाटघरचा घरधनी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. संयोजकाच्या बाबतीत आपत्ती बहुधा त्याच्याच नियोजनातून येते. येथे ती आभाळातून आणि कचेरीतून येते.

पावसाळ्यातील मनाईची ठिकाणे व तारखा प्रशासनाने मे महिन्यातच जाहीर कराव्यात. मोसमात काही बदल झाल्यास तो त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. इसार घेणाऱ्या घरांना छापील पावतीपुस्तके मिळावीत, आणि रस्ता बंद झाला तर किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील, ते प्रत्येक पावतीवर मराठीत लिहिलेले असावे.