नांदेडचे विमान आणि लोह्याचा हिशेब

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा-कंधारकडच्या माणसाला मुंबई किती लांब म्हणून विचारा, उत्तर तासांतच मिळते. संध्याकाळी नांदेड गाठायचे, देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी मुंबई. मंत्रालयातले काम असो की टाटा रुग्णालयातली तारीख, एक रात्र गाडीत जाणार हे धरूनच चालायचे. नांदेड-मुंबई हवाई अंतर मात्र जेमतेम ४७० किलोमीटर, म्हणजे विमानाने सव्वा तासाचे. गेल्या सतरा-अठरा वर्षांत हा सव्वा तास आपल्या हाती आला आणि पुन्हा पुन्हा निसटला.

सुरुवात गुरु-ता-गद्दीपासून करावी लागते. गुरु गोबिंदसिंघजींनी १७०८ मध्ये नांदेड मुक्कामी गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद दिले. २००८ मध्ये त्याची त्रिशताब्दी आली आणि शहराचे रूप पालटले. रस्ते झाले, घाट झाले, विमानतळाची धावपट्टी २,३०० मीटरची झाली. किंगफिशरची विमाने मुंबईला जाऊ लागली, पण ती कंपनीच पुढे बंद पडली. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ दीर्घ भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेले. लातूरला तर नियमित प्रवासी सेवा टिकलीच नाही.

२७ एप्रिल २०१७ रोजी केंद्राच्या ‘उडान’ या स्वस्त विमानसेवेच्या योजनेत ट्रूजेट कंपनीचे हैदराबाद-नांदेड विमान सुरू झाले. तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागांचे भाडे २,५०० रुपयांच्या मर्यादेत होते. पाठोपाठ मुंबईही जोडली गेली. त्याच डिसेंबरात एअर इंडियाने अमृतसरची सेवा सुरू केली. सचखंड एक्स्प्रेस सकाळी नांदेडहून निघते, दोन हजारांहून अधिक किलोमीटर तोडते आणि दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसरला पोहोचते. वाटेत ठिकठिकाणी सेवेकरी डब्यापाशी येऊन प्रवाशांच्या भांड्यांत लंगरची डाळ-भाजी वाढतात. विमानाला तेच अंतर सुमारे १,४०० किलोमीटर पडते, वेळ अडीच तासांच्या आत. थकलेल्या भाविकाला नांदेड आणि अमृतसर इथल्या शिखांच्या दोन्ही तख्तांचे दर्शन एका दिवसात घेता येऊ लागले.

पण हे विमान आठवड्यातून दोनदाच. चुकले की पुढच्या वाराची वाट. नंतर कोरोना आला. शिवाय ‘उडान’चे अर्थसाहाय्य एका मार्गाला साधारण तीन वर्षेच मिळते, तेवढ्या काळात प्रवासी जोडले गेले नाहीत तर कंपनी टिकत नाही. २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली. मार्च २०२४ मध्ये स्टार एअरने बंगळूर, हैदराबाद, दिल्लीजवळचे हिंडन आणि जालंधरजवळचे आदमपूर जोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या कारणावरून उड्डाणे काही काळ पुन्हा बंद राहिली.

लोह्याहून नांदेड ३०-३५ किलोमीटर. विमानतळ गाठायला तास-सव्वा तास, तिथे तासभर आधी हजेरी, उड्डाण सव्वा तासाचे, म्हणजे चारेक तासांत मुंबई. पण उद्या विमान असेल का, हीच शंका असेल तर रुग्णाचे नातेवाईक रेल्वेचेच आरक्षण करून ठेवतात, व्यापारी हैदराबादला मोटारीनेच जातो. मग आसने रिकामी राहतात आणि त्याच रिकाम्या आसनांकडे बोट दाखवून सेवा बंद होते. हे चक्र तोडायचे तर धावपट्टीची निगा वेळेवर हवी आणि मुंबईचे विमान किमान पाच वर्षे, रोज, ठरल्या वेळेला सुटायला हवे. मराठवाड्याने सोहळ्यापुरता विमानतळ मागितलेला नाही. रोजच्या कामाला उपयोगी पडेल अशी सेवा मागितली आहे आणि ती मागणी रास्त आहे.