पावसाळ्यात वजने, हिवाळ्यात रस्ता

सायकलचे पेडल मिनिटाला ८० ते ९० वेळा फिरते, म्हणजे तासाला सुमारे ५,००० फेऱ्या. एका फेरीला लागणारा जोर मात्र बेताचा. त्यामुळे रस्त्यावर दमसास वाढतो, ताकद फारशी नाही. शरीराचा भार सीटवर असल्याने निव्वळ सायकल चालवणाऱ्यांच्या कण्याची हाडेही धावपटूंपेक्षा विरळ आढळतात. ही उणीव हलक्या डंबेलने किंवा शंभर बैठकांनी भरत नाही. तेही पेडल मारण्यासारखेच काम. चार ते दहा वेळाच उचलता येईल इतक्या वजनाचे स्क्वॉट, डेडलिफ्ट, लेग प्रेस हवेत, अर्थात आधी काही आठवडे हलक्या वजनावर ढब बसवून.

पण सायकल आणि वजने, दोन्हींचा अतिरेक अंगाशी येतो. रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या अमेरिकी प्रयोगात आठवड्याला ५ दिवस वजने आणि ६ दिवस दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, पण १० आठवडे संपता संपता घसरू लागली. अंधेरी-घाटकोपरच्या नोकरदाराला एवढा वेळ मिळतो कुठे! नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांनी सायकलपटूंना आठवड्यातून दोनदाच वजने दिली. १२ आठवड्यांनी, तीन तास सायकल चालवल्यानंतरच्या पाच मिनिटांच्या निकराच्या प्रयत्नात त्यांचा जोर वाढलेला दिसला. पुढे हंगामात ती ताकद टिकवायला आठवड्याला एक सत्र पुरले.

युरोपात जिमचा काळ हिवाळा. तिथले वेळापत्रक इथे जसेच्या तसे उचलणे चूक. मुंबईच्या उपनगरांत तो मान पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, तेव्हा आठवड्याला दोन सत्रे घ्यावीत. ऑक्टोबरनंतर मुलुंडकर नाशिक हायवेला आणि बोरिवलीकर अहमदाबाद हायवेला लागतात, साडेतेरा तासांत २०० किलोमीटरच्या बीआरएमची, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडची, तयारी सुरू होते. तेव्हा एकच सत्र ठेवावे.

लांबची राइड रविवारी असेल तर पायांची वजने मंगळवारी किंवा बुधवारी. स्नायूंचे दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते, त्यामुळे शुक्रवारचा ‘लेग डे’ रविवारी कसारा घाटात नडतो. एकाच दिवशी दोन्ही करायचे तर सकाळी सायकल, संध्याकाळी जिम आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती. गुडघा दुखू लागल्यास वजन कमी करावे आणि सीटची उंचीही तपासावी. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.