खोडदची दुर्बीण

(आकाशातील ताऱ्यांचा शोध घेण्यासाठी माणसाने निरनिराळी साधने तयार केली. त्यांपैकी एक फार मोठे साधन आपल्या महाराष्ट्रात आहे. ते कसे उभे राहिले, कसे काम करते आणि त्याला जपणे का आवश्यक आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

दुर्बीण हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत आपण 'दूरबीन' म्हणतो. 'दूर' म्हणजे लांब आणि 'बीन' म्हणजे पाहणारी. हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि मराठीचाच झाला. दुर्बीण म्हटले की आपल्यासमोर काचेची भिंगे असलेली नळी उभी राहते. पण आज आपण ज्या दुर्बिणीची माहिती घेणार आहोत, तिला नळीही नाही आणि भिंगही नाही. ती तारेच्या जाळीची आहे.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुका आहे. तेथे नारायणगावाजवळ खोडद नावाचे खेडे आहे. द्राक्षांच्या बागा आणि टोमॅटोची शेते यांच्यामध्ये मोठमोठ्या पांढऱ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकूण ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे सुमारे दीडशे फूट आहे. चौदा तबकड्या मध्यभागी जवळजवळ आहेत. उरलेल्या सोळा तबकड्या तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. दोन टोकांच्या तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. या सर्व तबकड्या मिळून एकच दुर्बीण होते. तिचे नाव 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप'. लोक तिला थोडक्यात 'जीएमआरटी' म्हणतात.

तुम्ही विचाराल, की ही दुर्बीण पाहते तरी काय? तारे आणि दीर्घिका केवळ प्रकाशच देतात असे नाही. त्यांच्याकडून रेडिओ लहरीही येतात. आपल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. सुमारे २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत लांबीच्या लहरी ही दुर्बीण पकडते. म्हणूनच तिला जाळी चालते. चाळणीची भोके हरभऱ्यापेक्षा लहान असली, तर हरभरा खाली पडत नाही. त्याचप्रमाणे जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा पुष्कळ लहान असली, तर लहर आरपार न जाता परत फिरते. खोडदच्या जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरचीच आहेत. वारा मात्र जाळीतून सहज निघून जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि खर्चही पुष्कळ वाचला.

ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप यांची. त्यांचा जन्म १९२९ साली उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा या गावी झाला. अमेरिकेत शिकून ते तेथेच राहू शकले असते. परंतु डॉ. होमी भाभा यांनी बोलावल्यावर १९६३ साली ते भारतात परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागले. १९६५ साली त्यांनी कल्याणजवळ ३२ लहान तबकड्या मांडून सूर्याचा अभ्यास सुरू केला. त्या तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या होत्या. पुढे १९७० साली तमिळनाडूतील उटी येथे डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. त्यानंतर त्यांनी खोडदचे काम हाती घेतले.

आपल्या घरची बाज आठवा. चौकटीला सुतळी ताणून बांधली की तिच्यावर माणूस निजतो. खोडदच्या तबकडीत पोलादी कमानींना तारेचे दोर ताणून बांधले आहेत आणि त्या दोरांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. अशा तबकड्या आपल्याच देशात तयार झाल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्र ती चालवते. प्रा. स्वरूप यांचे २०२० साली पुण्यात निधन झाले.

एक मोठी तबकडी करण्याऐवजी तीस का केल्या? पंचवीस किलोमीटर रुंदीची तबकडी कोणालाही बांधता येणार नाही. पण दूर दूर ठेवलेल्या तबकड्या एकाच ताऱ्याकडे वळवल्या, की तीच लहर प्रत्येकीकडे किंचित पुढेमागे पोहोचते. हे संकेत काचतंतूंच्या तारांतून मध्यवर्ती इमारतीत येतात. तेथे संगणक त्यांचा मेळ घालतात आणि आकाशाचे बारीक चित्र तयार होते.

या दुर्बिणीने मोठमोठी कामे केली आहेत. हायड्रोजन वायूतून २१ सेंटिमीटर लांबीची लहर निघते. विश्व पसरत असल्यामुळे दूरवरून येताना ती ताणली जाते. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय या संशोधकांनी एका दूरच्या दीर्घिकेतून आलेली अशी लहर खोडदला सापडल्याचे जाहीर केले. ती ताणून ४८ सेंटिमीटर झाली होती. ती निघाली त्याला सुमारे ८८० कोटी वर्षे झाली होती. तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीही नव्हती! वाटेतील दुसऱ्या एका दीर्घिकेने भिंगाप्रमाणे काम केले, म्हणून इतका क्षीण संकेत हाती लागला.

त्याच वर्षी जून महिन्यात आणखी एक बातमी आली. स्पंदक नावाचे तारे घड्याळाप्रमाणे नेमाने रेडिओ लहरींचे ठोके देतात. निरनिराळ्या देशांच्या शास्त्रज्ञांनी हे ठोके वर्षानुवर्षे मोजले. त्यांतील बारीक फरकांवरून विश्वात गुरुत्वीय लहरी पसरल्याचा पुरावा मिळाला. या कामात खोडदच्या नोंदींचाही वाटा होता. गुरुत्वीय लहरींच्याच शोधासाठी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो' प्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

परंतु खोडदच्या दुर्बिणीला एक मोठे भय आहे. ते म्हणजे आपलाच गोंगाट. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असतात. चंद्रावर एखादा मोबाइल फोन चालू ठेवला, तर तो या दुर्बिणीला आकाशातील अतिशय तेजस्वी वस्तूंपैकी एक वाटेल. मग शेजारच्या रस्त्यावरील फोनचे काय? म्हणून तेथे येणाऱ्यांना फोन बंद करावा लागतो. डोंगरांचा आडोसा आणि रेडिओ लहरींची शांतता पाहूनच ही जागा निवडली होती.

ही शांतता राखणे सोपे नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावाजवळून नेण्याचे ठरले, तेव्हा विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. रेल्वे मंत्रालयाने मार्ग शिर्डीकडून नेण्याचा पर्याय पुढे मांडला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांनी मात्र जुन्याच मार्गाचा आग्रह धरला. शेतकऱ्याला आपला माल लवकर बाजारात पोहोचवायचा आहे. विद्यार्थ्याला शहरातील कॉलेजात जायचे आहे. त्यांची मागणी चुकीची म्हणता येत नाही. दुर्बीणही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दोघांचेही ऐकून वाट काढावी लागते.

मित्रांनो, आपल्या संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. गावाबाहेर, दिव्यांपासून दूर गेले की आजही पुष्कळ तारे दिसतात. काळोख आणि शांतता यांचीही किंमत असते, हे खोडदची दुर्बीण आपल्याला शिकवते.

शब्दार्थ
दीर्घिका – असंख्य ताऱ्यांचा समूह (कहकशाँ)
क्षीण – अशक्त, मंद (कमजोर)
आडोसा – आड, आश्रय (ओट)
गोंगाट – मोठा आवाज (शोर)

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खोडद हे गाव कोणत्या तालुक्यात आहे?
(आ) प्रा. स्वरूप भारतात केव्हा परतले?
२. तबकडीला जाळी वापरल्याने कोणते फायदे झाले?
३. 'दोघांचेही ऐकून वाट काढावी लागते,' असे लेखक का म्हणतो?
४. फारसीतून मराठीत आलेले आणखी पाच शब्द शोधून लिहा.