विश्लेषण : द्राक्षबागेतील औषधफवारणी आणि आमवात यांचा संबंध आहे का?

ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातील द्राक्षबागांत ब्लोअर फिरू लागतात. डाऊनी आणि भुरीची धास्ती असते, त्यात अवकाळी पाऊस आला तर फवारण्यांची संख्या आणखी वाढते. औषधाने विषबाधा होते, हे प्रत्येक बागायतदाराला ठाऊक आहे. पण वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाणारे रसायन शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटवू शकते का? या प्रश्नाचा एक दुवा सातारा-सांगली पट्ट्यात तपासला गेला आहे.

कराडच्या संशोधनात काय आढळले?

कराडच्या कृष्णा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी केली. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारणी न करणाऱ्यांच्या तुलनेत या कामगारांच्या रक्तात कोलिनेस्टरेज हे एन्झाइम कमी होते. कीटकनाशक अंगात गेल्याची ही ओळखीची खूण. दुसरी नोंद अधिक बोलकी होती. त्यांच्या शरीरातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडेशन वाढलेले होते. यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मात्र या अभ्यासात आमवाताची तपासणी नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे नेमके काय?

चिरलेले सफरचंद काळे पडते. बेदाण्याचा रंग बिघडू नये म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. हा सगळा ऑक्सिडेशनचाच खेळ. पेशी ऊर्जा तयार करताना फ्री रॅडिकल्स नावाचे आक्रमक रेणू निर्माण होतात आणि शरीर ग्लुटाथिओनसारख्या पदार्थांनी त्यांना आवरते. कीटकनाशके, तंबाखूचा धूर, काही धातू हा समतोल मोडतात. मग प्रथिनांची रचना बदलते, मरणाऱ्या पेशींतील डीएनए बाहेर सांडतो. ओळख बदललेले हे घटक रोगप्रतिकार यंत्रणेला परके वाटू शकतात. ती त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड यांवर हल्ला सुरू होतो. आमवात आणि ल्युपस हे असे स्वयंप्रतिकार आजार. आनुवंशिकता आणि संप्रेरके यांचाही त्यात वाटा असतो, त्यामुळे एकाच बागेत राबणाऱ्या दोघांपैकी एकालाच आजार होऊ शकतो.

मग पुरावा कितपत भक्कम?

अमेरिकेतील आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत शेतकरी कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास सुरू आहे. त्यातील सुमारे २४ हजार महिलांची माहिती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅनेब किंवा मॅन्कोझेब ही बुरशीनाशके वापरलेल्या महिलांत आमवाताचे प्रमाण तिपटीहून अधिक दिसले. मॅन्कोझेब म्हणजे आपल्याकडे दुकानात ‘एम-४५’ म्हणून मागतात ते. पण ही औषधे वापरलेल्या रुग्ण महिलांची संख्या कमी होती, त्यामुळे ‘तिप्पट’ हा आकडा ताणून वापरणे चुकीचे ठरेल. संबंध दिसला, कारण सिद्ध झालेले नाही.

तुलनेने अधिक पक्का पुरावा सिलिकाच्या धुळीबाबत आहे. दगडखाणी आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील फाउंड्रींसाठी तो महत्त्वाचा. धूम्रपानाबाबतही शंका उरलेली नाही.

महिलांकडे दुर्लक्ष का?

आमवात पुरुषांपेक्षा महिलांत दोन ते तीन पट अधिक आढळतो. बागेत पंप बहुधा पुरुषाच्या हाती असतो, मात्र विरळणी, घड जीएच्या द्रावणात बुडवणे, फवारणीचे कपडे धुणे ही कामे महिलांकडे असतात. बोटे दुखली तर ‘कामाने दुखतात’ किंवा ‘वात आहे’ म्हणून विषय संपतो. उपचाराला उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

आणखी एक विसंगती आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षातील औषधाचा अंश अपेडाच्या ग्रेपनेट यंत्रणेत प्रयोगशाळेत मोजला जातो. फवारणीच्या नोकरीवरील कामगारांची वैद्यकीय तपासणी व्हावी, असे १९७१ चे कीटकनाशक नियमही सांगतात. पण आज या बागेत, उद्या त्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्याची तपासणी करणार कोण?

अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्याव्यात का?

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कारणीभूत असेल तर अँटिऑक्सिडंट घेतले की झाले, असा सोपा हिशोब गोळ्या विकणारे मांडतात. अमेरिकेत सुमारे ३९ हजार महिलांवर १० वर्षे चाललेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने आमवाताचा धोका लक्षणीयरीत्या कमी झाला नाही.

कोणती काळजी घ्यावी?

रसायन अंगात जाऊ न देणे हाच खात्रीचा उपाय. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, फवारलेल्या प्लॉटमध्ये औषध वाळण्याआधी मजूर लावू नयेत आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत.

सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या-एक तासाहून अधिक काळ आखडत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे टिकले असेल, तर वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढू नयेत. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या निदानाला मदत करतात. डॉक्टरांना ‘शेती करतो’ एवढेच न सांगता किती वर्षे आणि कोणते औषध फवारतो, हेही सांगावे. नाव आठवत नसेल तर बाटलीवरील लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून न्यावा.