षड्दंत हत्ती, शिकारी आणि तीन आगी

अहिल्यानगर जिल्ह्यात भंडारदऱ्याच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस साजरी होते. त्या दिवशी वाघोबाच्या प्रतिमेस नैवेद्य दाखविला की रानातला वाघ गुराढोरांस उपद्रव देत नाही, अशी श्रद्धा आहे. प्राण्याच्या प्रतिमेच्या अंगी काही गूढ सामर्थ्य असते, ही भावना फार पुरातन आहे. आणि ती केवळ डोंगरकपारीतल्या लोकांतच आढळते असे नाही. अजिंठ्याच्या चित्रांभोवती शिकल्यासवरल्या मंडळींनीही अशीच एक शापकथा विणली आहे.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात षड्दंत हत्तीची जातककथा रंगविलेली आहे. पूर्वजन्मीच्या मत्सराने पेटलेली राणी गजराजाचे सुळे आणण्यासाठी शिकारी धाडते. गजराज आपल्या मारेकऱ्यास क्षमा करून सुळे देतो आणि ते पाहताच राणी शोकाने प्राण सोडते. आता योग पाहा. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीस निघाला असता या लेण्यांपाशी पोहोचला आणि २८ एप्रिल ही तारीख घालून त्याने आपले नाव कोरले, ते याच दहाव्या लेण्याच्या खांबावर. शिकाऱ्याची कथा सांगणाऱ्या भिंतीसमोर शिकारीच येऊन उभा राहिला!

पुढे १८४४ साली चित्रांच्या नकला करण्यासाठी रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली; तोही नामांकित शिकारी. अनेक वर्षे खपून त्याने रंगविलेली बहुतेक चित्रे १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह छतांवरील पशुपक्ष्यांसकट सर्व चित्रांचे काम पुन्हा हाती घेतले. त्यांपैकी कितीतरी चित्रे १८८५ साली लंडनमध्येच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत नष्ट झाली. जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी केलेल्या नकलाही १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत भडकलेल्या आगीत गेल्या. एवढे झाल्यावर 'शाप' हा शब्द लोकांच्या तोंडी आला नसता तरच नवल!

परंतु थोडा हिशेब करून पाहावा. क्रिस्टल पॅलेस १९३६ साली पुन्हा पेटला आणि पार भस्मसात झाला. त्या वेळी गिलच्या चित्रांना जळून सत्तर वर्षे लोटली होती. टोकियोच्या आगीत तर शहराचा फार मोठा भाग बेचिराख झाला; तेथे अजिंठ्याचा शाप शोधणे म्हणजे पुरात घागर वाहून गेली म्हणून घागरीला दोष देण्यासारखे आहे. शिवाय आपण मोजतो ती जळालेली चित्रे. वाचलेल्यांची गणती कोणी करीत नाही. ग्रिफिथ्स यांच्या नकलांपैकी सुमारे दीडशे आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांच्या साहाय्याने १९०९ ते १९११ या काळात केलेल्या नकला १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाल्या.

खरे कारण साधे आहे. कॅनव्हास आणि तैलरंग हे जात्याच ज्वालाग्राही. आणि वर्षानुवर्षांचे श्रम एकाच छपराखाली ठेवलेले. शापाची कथा मनोरंजक खरी, पण ती निष्काळजीपणावर पांघरूण घालते. मूळ भिंतींवरील जे अंश पुढे झडून गेले, त्यांचा गिलने टिपलेला रंगीत पुरावा कायमचा हरपला. हे नुकसान कोणत्याही शांतीने वा होमाने भरून येणारे नाही.

मूळ चित्रांचे शत्रूही असेच लौकिक आहेत. ओल, वटवाघळे, नावे कोरणारे प्रेक्षक आणि चित्रे उठून दिसावीत म्हणून चढविलेली, पुढे पिवळी पडलेली रोगणे! वाघोबापुढे नैवेद्य ठेवणारा गुराखी संध्याकाळी आपली गुरे गोठ्यात बांधावयास विसरत नाही. षड्दंताची कथा जपू पाहणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढा एक धडा घेतला तरी पुष्कळ झाले.