म्हातारपणची न्याहारी आणि अंडे

उसाला लागणीचा डोस कधी, भरणीचा कधी, हे आपण तोंडपाठ सांगतो. घरातल्या म्हाताऱ्याच्या पोटात सकाळी काय जाते, ते मात्र कुणी बघत नाही. दोन बटर चहात बुडवले, झाली न्याहारी!

साठीनंतर दंड-मांड्यांचे मांस झिजू लागते. बांध चढताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, त्याचे एक कारण हे. मांस घटले की अंगातले अन्न जळणे मंदावते, साखरही रक्तात रेंगाळते. शिवाय उतारवयात प्रथिनांची थोडकी मात्रा अंगी लागत नाही, एका वेळी भरघोस लागते. म्हणून सगळी भिस्त रात्रीच्या जेवणावर नको.

एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम लागतात. म्हाताऱ्यांना ६० तरी हवीत, असे बरेच तज्ज्ञ म्हणतात. प्रथिने पचवण्यातच त्यांची २० ते ३० टक्के उष्णता खर्ची पडते, पिठूळ अन्नाची ५ ते १०. तेवढ्यावरून अंड्याने वजन उतरते, अशी जाहिरात आम्ही करणार नाही.

बलकातल्या कोलेस्टेरॉलचा बाऊ आता पूर्वीइतका राहिला नाही. तरी मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खावे. माळकऱ्यांना दूध, मटकीची उसळ आहेच.

आणि कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याचा तालमीतला शिरस्ता सोडाच. बेल्जियममध्ये केलेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत शिजवलेल्या अंड्यातले ९१ टक्के प्रथिन पचले, कच्च्यातले जेमतेम ५१.