स्वल्पविराम आणि संगणकाची नोंदवही

आपल्या लेखनात स्वल्पविराम वाचकाला क्षणभर थांबवितो. संगणकाच्या एका नोंदवहीत मात्र तेच चिन्ह दोन रकान्यांमधली भिंत होते. या नोंदवहीस सीएसव्ही फाइल म्हणतात. तीत केवळ साधा मजकूर असतो. एका ओळीत एक नोंद, आणि दोन रकान्यांच्या मध्ये एक स्वल्पविराम.

अडचण कोठे येते, ते सुरतेच्या कापडबाजारातील एका कल्पित नोंदीवरून पाहू. व्यापाऱ्याचे नाव, पत्ता आणि येणे बाकी, असे तीनच रकाने आहेत. पत्ता आहे : गाळा १२, पहिला मजला, रिंग रोड, सुरत. बाकी आहे : १,२५,००० रुपये. ही नोंद जशीच्या तशी लिहून प्रत्येक स्वल्पविरामापाशी तोडली, तर तिचे आठ तुकडे होतात आणि बाकीच्या जागी 'पहिला मजला' येऊन बसतो! ही चूक निदान डोळ्यांत भरते. परंतु पत्ता सांभाळला आणि रक्कम तशीच सोडली, तर बाकीच्या रकान्यात उरतो केवळ १. सव्वा लाखाचे येणे एका रुपयावर येते, आणि यंत्र ब्रही काढीत नाही. खरे भय आहे ते या मुक्या चुकीचे.

यावरील नियम २००५ साली 'आरएफसी ४१८०' या टिपणात नोंदविला गेला. ज्या रकान्यात स्वल्पविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल, तो संपूर्ण रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. आत तेच चिन्ह आले, तर ते दोनदा लिहावे. कापडाचा पन्हा ४४" असेल, तर फाइलीत तो "४४""" असा लिहिला जाईल. रक्कम मात्र १२५००० अशी सलगच ठेवणे उत्तम.

वाचतानाही स्वल्पविराम दिसताच ओळ तोडणारा कार्यक्रम स्वतः रचू नये. पायथॉन भाषेतील सीएसव्ही मॉड्यूलसारखी तयार साधने हे नियम जाणतात.

लिपीचेही भान हवे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात. 'सुरत' या शब्दास उकार धरून बारा. लिहिणाऱ्याची पद्धत एक आणि वाचणाऱ्याची दुसरी असेल, तर नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात.

आणि शेवटी, चांगला हिशेबनीस रोजमेळाची बेरीज ताडून पाहतो, तसे आपणही नोंदींची संख्या, प्रत्येक नोंदीतील रकाने आणि रकमांची बेरीज मूळ वहीशी ताडून पाहावी. मुकी चूक बोलती होते ती तेथेच.